नियम कोणाचा? : खेळ, सहभाग आणि शिस्त यांचा शैक्षणिक विचार

प्रस्तावना

शिक्षणविषयक मराठी लेखनात शिस्त आणि खेळ या दोन संकल्पना बहुधा एकमेकींच्या विरोधात उभ्या केलेल्या आढळतात. शिस्तीचा पुरस्कर्ता खेळाकडे अभ्यासातून मिळालेली विश्रांती म्हणून पाहतो. खेळाचा पुरस्कर्ता शिस्तीकडे बालकाच्या सहजप्रवृत्तींवर लादलेले जोखड म्हणून पाहतो. शाळेचे वेळापत्रकही हीच विभागणी गृहीत धरते. तास म्हणजे शिस्त, मधली सुट्टी म्हणजे खेळ. आणि या दोहोंच्या मध्ये घंटा. अलीकडे या जोडीला ‘सहभाग’ हा तिसरा शब्द येऊन मिळाला आहे. धोरणांचे मसुदे, मूल्यांकनाचे अहवाल आणि महाविद्यालयांची वार्षिक प्रतिवृत्ते यांत तो इतक्या वेळा येतो की त्याचा नेमका अर्थ काय, हे विचारण्याची आवश्यकता फारशी कुणास वाटत नाही.

प्रस्तुत विवेचनात या तीन संकल्पनांचा परस्परसंबंध तीन निरनिराळ्या स्वरूपाच्या ‘संहितां’च्या आधारे तपासला आहे. पहिली संहिता गिजुभाई बधेका यांची ‘दिवास्वप्न’ ही शिक्षणकथा. दुसरी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे उभा केलेला बालशिक्षणाचा प्रयोग. आणि तिसरी, शब्दांऐवजी विटामातीत लिहिलेली, चार्ल्स कोरिया यांची सीबीडी बेलापूर येथील ‘आर्टिस्ट व्हिलेज’ ही वसाहत. वर्ग, माळ आणि वस्ती अशी ही तीन स्थळे आहेत. शिस्त चांगली की वाईट, हा प्रश्न या तिन्ही ठिकाणी दुय्यम ठरतो. नियम कोणाचा, तो बदलण्याचा अधिकार कोणास आणि चालू असलेला डाव थांबविण्याची सत्ता कोणाच्या हाती, हे प्रश्न निर्णायक ठरतात.

खेळातील शिस्तीचे स्वरूप

मुलांचा खेळ स्वैर असतो, ही प्रौढांची समजूत निरीक्षणास उतरत नाही. लगोरी, विटीदांडू, आट्यापाट्या किंवा साधी लपाछपी यांपैकी कोणताही खेळ घेतला, तरी त्यात नियमांचे दाट जाळे आढळते. राज्य कोणावर यावे, गडी कसे वाटून घ्यावेत, चेंडू कुंपणापलीकडे गेल्यास काय, एखाद्यास दम लागल्यास ‘टाइम प्लीज’ किती वेळा मागता येईल, या सर्व गोष्टी खेळ सुरू होण्यापूर्वी वा खेळता खेळता ठरतात. जो नियम पाळत नाही त्याचा डाव ‘रडीचा’ ठरतो, आणि ही निंदा कोणत्याही शिक्षकाच्या रागावण्याहून अधिक झोंबते. पंच नसतो, शिपाई नसतो, नोंदवही नसते. तरीही तासभर खेळ चालतो.

या व्यवस्थेतील सर्वांत बोलकी संकल्पना ‘कच्चा लिंबू’ ही होय. वयाने लहान किंवा खेळात नवखे मूल डावात घेतले जाते; ते धावते, ओरडते, चेंडूमागे पळते; परंतु बाद झाले तरी त्याच्यावर राज्य येत नाही. कोणत्याही शिक्षणशास्त्रीय ग्रंथाच्या आधाराविना मुलांनी ही सवलत निर्माण केली आहे. तिच्यात दोन गोष्टी एकत्र साधल्या जातात. दुबळ्याला बाहेर ठेवले जात नाही, आणि त्याच्यासाठी खेळाचे नियम मोडीतही काढले जात नाहीत. शिवाय ही अवस्था तात्पुरती असते. कच्चा लिंबू काही काळाने पक्का गडी होतो. त्याच्यावर पहिल्यांदा राज्य येते तेव्हा त्याला ते ओझे न वाटता मान वाटतो. शिक्षण या शब्दाने जी प्रक्रिया अभिप्रेत असते, ती येथे पूर्ण रूपात दिसते.

झाँ पियाजे यांनी १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या बालकांच्या नैतिक निर्णयशक्तीविषयीच्या ग्रंथात स्वित्झर्लंडमधील मुलांच्या गोट्यांच्या खेळाचा अभ्यास मांडला. त्यातील एक निष्कर्ष येथे विशेष महत्त्वाचा आहे. लहान वयाची मुले नियम थोरांकडून आलेला, पवित्र आणि अपरिवर्तनीय मानतात. परंतु प्रत्यक्ष खेळताना तीच मुले नियमांची सर्वाधिक मोडतोड करतात. मोठी मुले नियम परस्परसंमतीने ठरलेला आणि म्हणून बदलता येण्याजोगा मानतात. आणि तीच तो अधिक काटेकोरपणे पाळतात. नियमाविषयीचा धाक आणि नियमाचे पालन यांचे प्रमाण व्यस्त असू शकते, असा याचा अर्थ होतो. योहान हाउझिंगा यांनीही १९३८ च्या ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात खेळ स्वेच्छेचा असतो आणि तो स्वतःची सुव्यवस्था निर्माण करतो, या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या. स्वेच्छा आणि सुव्यवस्था यांत विरोध आहे, असे गृहीत धरणाऱ्या शालेय व्यवहाराला हे दोन्ही अभ्यास अडचणीत आणतात.

‘दिवास्वप्न’ : वर्गातील डाव

भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली बालमंदिर सुरू करणारे गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी गुजरातीत लिहिलेले ‘दिवास्वप्न’ मराठी अध्यापकांनाही अनुवादांमधून दीर्घकाळ परिचित आहे. एक शिक्षक शिक्षणाधिकाऱ्याची परवानगी मिळवून प्राथमिक शाळेतील चौथीचा वर्ग वर्षभर प्रयोगासाठी घेतो, एवढेच कथासूत्र. बालशिक्षणाचा जाहीरनामा म्हणून या पुस्तकाचा गौरव वारंवार होतो. परंतु साहित्यकृती म्हणून त्याचे वाचन केल्यास त्यातील सर्वांत प्रामाणिक भाग पहिल्याच दिवसाचा आहे, असे लक्षात येते. शिक्षक मोठ्या उत्साहाने वर्गात शांततेचा खेळ योजतो आणि तो पुरता फसतो. मुले गलका करतात, टर उडवतात, आणि प्रयोगाच्या पहिल्या दिवशीच वर्ग लवकर सोडून द्यावा लागतो.

हे अपयश कशाचे आहे? शांततेचा खेळ माँटेसरी पद्धतीतून आलेला आहे. शिक्षकाच्या मनात तो खेळ आहे. मुलांच्या दृष्टीने मात्र ती नव्या वेषात आलेली जुनीच आज्ञा आहे. खेळ हे नाव दिल्याने आज्ञेचा खेळ होत नाही, हा धडा येथे शिक्षकाला मिळतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगतो आणि वर्ग स्तब्ध होतो. गोष्टीच्या मध्येच हजेरी घेतली जाते आणि गलका झाला तर गोष्ट थांबते. पाहता पाहता वर्गाला शिस्त लागते, कारण आता शांतता ही मुलांची स्वतःची गरज झालेली असते. पुढे पाठ्यपुस्तकांसाठीच्या पैशांतून वर्गाचे ग्रंथालय उभे राहते, मैदानावरचे खेळ येतात, नाटके होतात. कथेची गती अशी की वाचक सहज तिच्या बाजूचा होतो.

तथापि समीक्षेला येथे थांबून एक प्रश्न विचारावा लागतो. गोष्ट थांबविण्याची सत्ता कोणाकडे आहे? ती अखेरपर्यंत शिक्षकाकडेच राहते. छडीच्या जागी गोष्ट आली, हे परिवर्तन लहान नाही. १९३० च्या दशकातील शाळेचा विचार करता ते धाडसाचेच होते. परंतु गोष्ट बंद करण्याची धमकी हीसुद्धा धमकीच आहे. मुले येथे रमतात, प्रतिसाद देतात, शिकतात. पण प्रयोगाची आखणी त्यांची नाही. प्रयोगाचे भवितव्यही वर्गाबाहेर ठरते. अधिकाऱ्याची परवानगी, मुख्याध्यापकांची नाराजी आणि वर्षअखेरची परीक्षा या तीन बाह्य सत्तांच्या परिघात शिक्षक आपले स्वप्न पाहतो. पुस्तकाच्या शीर्षकातच ही मर्यादा मान्य केलेली आहे, आणि ती मान्य करण्यातच लेखकाची सचोटी आहे. शिवाय ही कथा ज्या मुलांविषयी आहे ती शाळेत येऊन पोचलेली आहेत. जी पोचतच नाहीत त्यांचे काय, हा प्रश्न ‘दिवास्वप्न’च्या कक्षेत येत नाही. तो विचारण्यासाठी वर्गाच्या बाहेर पडणे भाग होते. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी ते पाऊल उचलले.

बोर्डी ते कोसबाड : शाळाच चालत जाते

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) १९२३ साली भावनगरच्या दक्षिणामूर्तीत दाखल झाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली आणि १९३६ पासून दादरच्या हिंदू कॉलनीतील शिशुविहारातून शहरी मध्यमवर्गीय बालकांपर्यंत हा विचार पोचला. तेथेच थांबणे त्यांना सोयीचे होते. परंतु १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, त्यात अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताईंनी ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या आत्मकथनात या वाटचालीचा वृत्तांत दिला आहे. डहाणू तालुका त्या काळी ठाणे जिल्ह्यातच होता. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत बेलापूर आणि कोसबाड ही दोन्ही स्थळे एकाच जिल्ह्याच्या नकाशावर होती.

या परिसरातील वारली मुले शाळेत येत नव्हती. त्यांना गुरे राखायची होती, धाकट्या भावंडांना सांभाळायचे होते. शिक्षणव्यवस्थेच्या भाषेत ही ‘अनियमित’, ‘बेशिस्त’ मुले. वस्तुतः त्यांचा दिवस कोणत्याही शहरी विद्यार्थ्याच्या दिवसापेक्षा कडक नियमांनी बांधलेला होता. गुरे सोडण्याची वेळ चुकवून चालत नाही. या संदर्भात आणखी एका घटनेचे स्मरण ठेवले पाहिजे. ज्या १९४५ साली बोर्डीचे केंद्र सुरू झाले, त्याच वर्षी याच पट्ट्यात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव झाला. त्या लढ्याचे नेतृत्व करणाऱ्या गोदावरी परुळेकर यांनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्याचा इतिहास लिहिला. पिढ्यान्‌पिढ्या वेठ सोसलेल्या समाजाला शिस्त या शब्दाचा बाहेरून येणारा अर्थ नीट ठाऊक होता. अशा वस्तीत घंटा वाजवून मुलांना बोलावणारी शाळा ही आणखी एका मालकाची हाक वाटली, तर त्यात नवल नाही.

ताराबाई आणि अनुताई यांनी काढलेला मार्ग वरवर साधा होता. मुले शाळेत येत नसतील तर शाळेने मुलांकडे जावे. पाड्यावरच्या अंगणात भरणारी बालवाडी ती अंगणवाडी. गुरे जेथे चरतात त्या माळावर भरणारी शाळा ती कुरणशाळा. ज्या मुलींच्या कडेवर भावंड असे त्यांच्यासाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकत्र आणणारी विकासवाडी. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने बाजूला सारून बिया, शिंपले, पाने, खडे यांतून शैक्षणिक साधने तयार झाली. मोजणी आली ती मुलांच्या हाताला रोज लागणाऱ्या वस्तूंतून.

या प्रयोगाचे मूल्यमापन करताना साधेपणा, त्याग, सेवाभाव या गुणांचाच गौरव होतो, आणि त्यामुळे त्यातील वैचारिक क्रांती झाकली जाते. ‘दिवास्वप्न’मध्ये शिक्षक शाळेची चौकट तशीच ठेवून आतला व्यवहार बदलतो. कोसबाडमध्ये चौकटच वाकते. वेळ, स्थळ आणि साधने या तीन गोष्टी मुलांच्या जीवनाने ठरविल्या आणि शाळेने त्या मान्य केल्या. गुरे दूर गेली तर तास थांबतो. डाव थांबविण्याचा अधिकार येथे प्रथमच शिक्षकाच्या हातून अंशतः सुटला. मुलांनी अभ्यासक्रम ठरविला नाही, हे खरे. परंतु त्यांच्या जगण्याने त्याच्या अटी ठरविल्या. सहभाग या शब्दाचा हा अर्थ सध्याच्या वापरापेक्षा पुष्कळ जड आहे. सध्याच्या अर्थाने सहभाग म्हणजे दुसऱ्याने मांडलेल्या डावात हजर राहणे. कोसबाडच्या अर्थाने सहभाग म्हणजे डाव कोठे आणि केव्हा मांडायचा यावर परिणाम करता येणे.

या प्रयोगाच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. तो दोन असामान्य व्यक्तींच्या आयुष्यभराच्या निष्ठेवर उभा होता, आणि निष्ठेची प्रत काढता येत नाही. भारत सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली तेव्हा अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला. पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भसेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक शालापूर्व शिक्षण अशा सहा सेवा तिच्याकडे सोपविण्यात आल्या. या सेवांचे मोल वादातीत आहे. परंतु सहांपैकी जी सेवा मूळ अंगणवाडीचा प्राण होती, ती येथे सहा कामांपैकी एक झाली. आणि सेविकेचा दिवस नोंदींच्या वह्यांनी, पुढे भ्रमणध्वनीवरील नोंदींनी, व्यापला गेला. शब्द जगला, त्यातील अंगण आक्रसले.

खेळात घेणे आणि आपल्यात घेणे

अंगणाचे गुणगान करताना एक सावधगिरी आवश्यक आहे. अंगण सर्वांचे नसते. मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली की तिला खेळातून घरकामासाठी हाक येते. गावगाड्यातील अंगणे जातीच्या सीमांनी आखलेली होती. खेळ आपोआप समता शिकवितो, हे विधान क्रीडादिनाच्या भाषणात शोभते. इतिहास त्याला तितकासा दुजोरा देत नाही.

पुण्याच्या क्रिकेट मैदानांवर घडलेल्या पालवणकर बाळू यांचे उदाहरण या दृष्टीने निर्णायक आहे. चर्मकार समाजातून आलेला हा डावखुरा फिरकी गोलंदाज हिंदू संघाचा आधार होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरांहून अधिक बळी घेतले. मैदानावर त्याच्या हातचा चेंडू सहकाऱ्यांना चालत होता; परंतु पुण्यात खेळताना चहाच्या वेळी त्याला मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. संघाचे कर्णधारपद त्याला नाकारले गेले. १९२३ साली ते त्याचे धाकटे बंधू पालवणकर विठ्ठल यांना मिळाले, तेही मोठ्या वादंगानंतर. बाळूंचा खेळातील सहभाग शंभर टक्के होता, शिस्त निर्दोष होती, कौशल्य सर्वमान्य होते. उणीव होती ती एवढीच की नियम ठरविणाऱ्यांच्या पंगतीत त्यांना जागा नव्हती. शिस्त, सहभाग आणि खेळ हे तिन्ही एकत्र आले तरी जोवर नियमावरचा अधिकार वाटला जात नाही, तोवर व्यक्तीचा विकास आणि व्यक्तीचा उपयोग यांतील भेद पुसला जातो. कच्च्या लिंबाला पुढे पक्का गडी होता येते. बाळूंसारख्या पक्क्या गड्याला मात्र डावाबाहेर उभे केले गेले.

बेलापूरचे अंगण : विटामातीतील संहिता

एखाद्या संस्थेने नियमावरचा अधिकार अशा रीतीने वाटून देता येतो का? या प्रश्नाचे एक मूर्त उत्तर शाळेच्या क्षेत्राबाहेर, सीबीडी बेलापूरमध्ये उपलब्ध आहे. नवी मुंबईच्या कल्पनेच्या जनकांपैकी एक आणि सिडकोचे पहिले मुख्य वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) यांनी १९८३ ते १९८६ या काळात येथे ‘आर्टिस्ट व्हिलेज’ या नावाने ओळखली जाणारी वसाहत उभारली. तिची रचना अंगणापासून सुरू होते. सात घरांच्या समूहामध्ये सुमारे आठ मीटर लांबी-रुंदीचे एक सामायिक अंगण. असे तीन समूह मिळून एकवीस घरांचे, सुमारे बारा मीटरच्या मोठ्या अंगणाभोवतीचे एकक. आणि अशी एकके जोडत जाऊन संपूर्ण वसाहत. घरांच्या भिंती शेजाऱ्याशी सामायिक नाहीत, प्रत्येक घराला आभाळाखालची स्वतःची मोकळी जागा आहे, आणि भूखंडांच्या आकारांत फार मोठी तफावत नाही.

ही रचना शिक्षणविचाराच्या दृष्टीने वाचता येते. भिंत सामायिक नसण्याचा नियम कठोर आहे. परंतु तो नियमच रहिवाशाला आपले घर शेजाऱ्याच्या परवानगीवाचून, आपल्या गरजेनुसार आणि ऐपतीनुसार वाढविण्याचे स्वातंत्र्य देतो. रचनाकाराने सर्व काही ठरविलेले नाही. त्याने एवढेच ठरविले की पुढचे ठरविण्यास इतरांना वाव राहील. चांगल्या खेळाचा नियम असाच असतो. आट्यापाट्यांच्या रेषा पक्क्या असतात. त्या रेषांमुळेच हुलकावणी देण्याचे कौशल्य शक्य होते. मुलांच्या दृष्टीने अंगणांच्या चढत्या आकारांचाही अर्थ आहे. आठ मीटरच्या अंगणात लहान मूल हाकेच्या अंतरावर खेळते; वय वाढते तसे मोठ्या अंगणात, पुढे वसाहतीच्या मोकळ्या जागेत जाते. कच्च्या लिंबापासून पक्क्या गड्यापर्यंतचा प्रवास येथे भूमितीत उतरला आहे.

या संहितेचेही उत्तरकालीन वाचन करणे आवश्यक आहे. मूळच्या उतरत्या छपरांच्या घरांपैकी अनेकांच्या जागी मोठी, काँक्रीटची घरे उभी राहिली आहेत. काहींना हा रचनेचा पराभव वाटतो. परंतु घर वाढावे हीच मूळ योजना असल्यामुळे, निव्वळ बदलाला पराभव म्हणता येत नाही. खरा निकष वेगळा आहे. घर वाढले तरी अंगण सामायिक राहिले का? जेथे ते राहिले तेथे योजना यशस्वी; जेथे ते वाहने उभी करण्याची जागा झाले तेथे अयशस्वी. हाच निकष शिक्षणसंस्थेलाही लावता येतो. व्यक्तीची वाढ किती झाली, याबरोबरच वाढताना तिने सामायिक जागा किती शिल्लक ठेवली, हेही मोजावे लागते.

महाविद्यालयातील उपयोजन

वर्ग, माळ आणि अंगण यांवरून केलेले हे विवेचन उच्च शिक्षणाला गैरलागू मानण्याचा मोह होईल. पदवीचा विद्यार्थी प्रौढ असतो. परंतु तो प्रौढ असल्यामुळेच प्रश्न अधिक तीव्र होतो. अठरा वर्षांच्या नागरिकाला लोकसभेसाठी मतदान करता येते. तोच नागरिक वर्गात मात्र पियाजे यांच्या लहान मुलासारखा, नियम वरून आलेला आणि अपरिवर्तनीय मानतो, आणि संधी मिळताच तो मोडतो. ७५ टक्के उपस्थितीच्या अटीचे उदाहरण पुरेसे आहे. ही अट असलेल्या वर्गात उपस्थिती असते, लक्ष असेलच असे नाही. आणि सत्राच्या अखेरीस वैद्यकीय प्रमाणपत्रांची जी गर्दी होते ती रडीच्या डावाचीच प्रौढ आवृत्ती होय.

सहभागाचेही असेच झाले आहे. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झाली, ती विद्यार्थ्याला समाजाच्या अंगणात नेण्यासाठी. तिच्यातील वर्षाचे १२० तास आणि सात दिवसांचे विशेष शिबिर यांतून घडलेल्या पिढ्या महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. परंतु जेथे तासांची बेरीज हेच साध्य होते, तेथे शिबिराच्या गावाला काय हवे, हा प्रश्न मागे पडतो. कुरणशाळेची सुरुवात नेमकी त्याच प्रश्नाने झाली होती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेल्या पदवी अभ्यासक्रमांत सहअभ्यासक्रम, क्रीडा आणि क्षेत्रीय प्रकल्प यांना श्रेयांक मिळाले आहेत. खेळाला प्रतिष्ठा मिळाली, हे स्वागतार्ह आहे. त्याचबरोबर ज्या क्षणी खेळाला गुण मिळतात त्या क्षणी तो स्वेच्छेचा राहतो का, हा हाउझिंगा यांचा प्रश्नही महाविद्यालयाच्या दारात येऊन उभा राहतो.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. नियम सैल केल्यास नुकसान सर्वाधिक कोणाचे होते? ज्याच्या घरी अभ्यासाची परंपरा आहे तो वर्गाबाहेरही शिकेल. पहिल्या पिढीतील विद्यार्थ्याला मात्र उपस्थितीची सक्ती हाच आधार असतो, कारण ती सक्ती दाखवूनच त्याला, आणि विशेषतः तिला, घरच्या कामातून वा अर्धवेळ नोकरीतून वेळ मागता येतो. हा आक्षेप अनुभवावर आधारलेला आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष सक्तीच्या समर्थनाचा नाही. नियम दुबळ्याचे संरक्षण करतो, हे खरे. म्हणूनच तो ठरविताना दुबळ्याचा आवाज असला पाहिजे. सकाळी सातच्या तासाला कोण येऊ शकत नाही आणि का, हे त्या विद्यार्थिनीला विचारल्याशिवाय आखलेले वेळापत्रक तिला संरक्षण देत नाही, दंड करते.

यातून काही व्यवहार्य दिशा सुचतात. प्रत्येक विषयात निदान एक स्वाध्याय असा असावा की ज्याची मुदत, स्वरूप आणि मूल्यमापनाचे निकष वर्गाने चर्चा करून ठरवावेत, आणि एकदा ठरल्यावर ते शिक्षकावरही बंधनकारक असावेत. परिसंवादात वा सादरीकरणात प्रथमच उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या सत्रात कच्च्या लिंबाची सवलत असावी; तो बोलेल, त्याला अभिप्राय मिळेल, गुण मात्र दिले वा कापले जाणार नाहीत; दुसऱ्या सत्रात त्याच्यावर इतरांइतकेच ‘राज्य’ यावे. शिबिराच्या कामाची यादी शिबिरापूर्वी गावाने आणि विद्यार्थ्यांनी मिळून करावी. यांपैकी कशालाही नव्या निधीची वा नव्या परिपत्रकाची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती अध्यापकाने आपल्या हातातील एक सत्ता, लहानशीच का होईना, सोडण्याची. आणि सर्वांत कठीण गोष्ट तीच आहे.

समारोप

‘दिवास्वप्न’ने छडीच्या जागी गोष्ट आणली आणि शिस्त आवडीतून उगवू शकते हे दाखविले, परंतु गोष्टीची दोरी शिक्षकाच्या हाती राहिली. कोसबाडने शाळेची वेळ आणि जागा मुलांच्या जीवनाला जोडून त्या दोरीचे एक टोक मुलांकडे दिले. बेलापूरच्या वसाहतीने मोजके पक्के नियम ठेवून उरलेले ठरविण्याचा अधिकार रहिवाशांना दिला, आणि त्या अधिकाराचे बरेवाईट परिणामही पत्करले. पालवणकर बाळूंचा इतिहास बजावतो की अधिकाराच्या वाटणीशिवाय खेळ आणि सहभाग हे शब्द पोकळ ठरतात.

या तिन्ही संहितांमध्ये शिस्त टाकून दिलेली नाही. तिचे मालक वाढविले आहेत. लगोरी रचणारी मुले तेच करीत असतात. त्यांच्या डावात नियम मोडला की खेळ मोडतो, आणि खेळ मोडावा असे कोणालाच वाटत नसते, म्हणून नियम टिकतो. महाविद्यालयातील नियमही टिकावा असे वाटत असेल, तर तेथे चाललेला डाव आपला आहे असे विद्यार्थ्याला वाटण्याजोगी परिस्थिती प्रथम निर्माण करावी लागेल. उपस्थितीपत्रकावरची सही तो आपला असल्याचा पुरावा ठरत नाही.